तालुका महाबळेश्वर, एसटी खेडची: कांदाटी खोऱ्यातल्या अकल्पे गावाचं प्रकरण

अकल्पे हे गाव सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यात आहे. सातबारा महाबळेश्वरचा, रेशनकार्ड महाबळेश्वरचं, उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तहसील कचेरी महाबळेश्वरची. गावात येणारी एसटी मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड आगाराची. ती खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढते, सह्याद्रीची मुख्य धार ओलांडते आणि शिंदी, वळवण या बाजूने कांदाटी नदीच्या खोऱ्यात येते. गावातल्या माणसाला बसने तालुक्याला जायचं असेल तर आधी ह्याच गाडीने उलटं कोकणात उतरावं लागतं. खेडला दुसरी गाडी धरून मुंबई-गोवा महामार्गाने कशेडीमार्गे पोलादपूर गाठायचं, म्हणजे रायगड जिल्हा. तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. एका दाखल्यासाठी तीन जिल्हे आणि शंभर किलोमीटरच्या वर प्रवास.

दुसरी वाट पाण्याची. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने तापोळा, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर चढ चढून महाबळेश्वर. अंतराने ही वाट कितीतरी जवळची, पण ती दिवसाउजेडीच चालते, वारा पडलेला असेल तरच चालते, आणि लाँचला माणसं मिळाली तर चालते.

छोट्या गावाची माहिती लिहायची रूढ पद्धत म्हणजे लोकसंख्या इतकी, जवळचं बसस्थानक अमुक, रेल्वे स्टेशन तमुक. अकल्प्याच्या बाबतीत रेल्वे स्टेशन खेड, कोकण रेल्वेचं. ही माहिती अचूक आहे, पण तिच्यावरून गावाची अडचण काहीच कळत नाही. अडचण अशी की गावाचा कारभार एका दिशेला आहे आणि रस्ता दुसऱ्या दिशेला, आणि लोकसंख्या गेली ती रस्त्याच्या दिशेने.

पाणी आलं कुठून

कोयना धरणात पाणी अडायला लागलं ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी कोयना ही ओलांडायची नदी होती. पावसाळ्याचे महिने सोडले तर उतार बघून माणूस, बैल, डोक्यावरचा भारा, सगळं पलीकडे जायचं. कांदाटी खोरं तेव्हाही आडबाजूलाच होतं, पण पूर्वेला जावळी-महाबळेश्वरशी आणि पश्चिमेला कोकणाशी, दोन्हीकडे पायवाटा होत्या. हातलोटसारखे घाट होते, चकदेवहून खाली कोकणात उतरणारी शिडीची वाट होती. माणसं पाठीवर ओझं घेऊन दोन्हीकडचा बाजार करत.

धरणाने पूर्वेची बाजू बंद केली. शंभराच्या आसपास गावांची जमीन पाण्यात गेली, हजारो कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. काही मात्र गेली नाहीत. पाणी जसं चढलं तशी ती उतारावर वर सरकली. आज पाण्याच्या कडेने जी छोटी गावं दिसतात त्यांतली बरीच अशी वर सरकलेली किंवा निम्मी उठून निम्मी राहिलेली आहेत. भाताची खाचरं खाली राहिली. वर वरकस जमीन, नाचणी-वरीची. नदीच्या पात्राच्या जागी किलोमीटरभर रुंदीचं पाणी आलं, आणि तालुका त्या पाण्याच्या पलीकडे राहिला. तालुक्याच्या सीमा मात्र पाण्याकडे बघून कोणी नव्याने आखल्या नाहीत.

वीजनिर्मितीचं वेळापत्रक

हे पाणी एका उंचीवर थांबत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांच्या पटकन लक्षात येत नाही. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांच्या आसपास जाते. ऑक्टोबरात लाँच अगदी गावाखालच्या पायरीला लागते. पुढे पोफळीच्या बाजूला वीज तयार करण्यासाठी पाणी पश्चिमेकडे सोडलं जातं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेल्या मर्यादेत. १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ या दोन दिवशी कोयनेत जे लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशयाच्या तळाशी खडक फोडून बोगद्याला तोंड दिलं गेलं, त्यातल्या दुसऱ्याचा हेतूच हा होता की पातळी आणखी खाली गेली तरी पाणी उचलता यावं. राज्याला उन्हाळ्यात वीज मिळाली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने काम फार मोठं आहे, त्याचं कौतुक झालं ते योग्यच.

काठावरच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे जातं आणि लाँच गावापासून लांब खाली थांबते. मधला पट्टा चिखलाचा, वरून वाळलेला, आत ओला. लोक दगड टाकून, फळ्या टाकून वाट करतात. ओझी उतरवायचा क्रम ठरलेला असतो: आधी म्हातारी माणसं आणि पोरं, मग रेशनच्या तांदळाची पोती, मग आडवा ठेवलेला गॅसचा सिलिंडर, शेवटी सिमेंट, कारण ते भिजलं तर गेलं. शेळी असेल तर ती स्वतःच उडी मारते आणि गुडघाभर रुतते. लग्नसराई नेमकी याच दिवसांत. मांडवाचे पाइप, भांडी, वाजंत्री, सगळं वऱ्हाड हा पट्टा तुडवत वर येतं. काठावरच्या गावांचं उन्हाळ्याचं दळणवळण वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चालतं असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. ते वेळापत्रक ठरवताना तापोळ्याच्या किंवा बामणोलीच्या धक्क्याचा विचार कोणाच्या मनात असेल असं वाटत नाही.

माणसं मोजायची कशी

या भागातल्या प्रत्येक गावाची दोन गावं असतात: एक इथलं आणि एक मुंबईतलं. मुंबईकर मंडळ असतं, त्याची वर्गणी असते, देवळाचा जीर्णोद्धार असो की नळाची टाकी, पैसा तिकडून येतो. जावळी-महाबळेश्वर-पाटणचा माणूस मुंबईत गेला तो मुख्यतः माथाडी म्हणून. आधी मशीद बंदर, मग वाशीचा बाजार. १९६९च्या माथाडी कायद्याने त्याला हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळाला आणि कुटुंब तिकडे नेणं शक्य झालं. कायदा चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण खोऱ्यातलं घर बंद व्हायला त्यानंतरच वेग आला.

आता मोजणी. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. त्या वर्षीची होळी १९ मार्चला होती. म्हणजे प्रगणक गावात आला तेव्हा शिमग्याला येणारी माणसं अजून मुंबईतच होती. आणि आली असती तरी त्यांची नोंद तिकडेच झाली असती, कारण माणूस सहसा राहतो तिथे मोजायचा हा नियम आहे. नियमात चूक काहीच नाही. फक्त त्या आकड्याने गावाची गरज कळत नाही. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात गावात जी माणसं असतात ती नोंदलेल्या वस्तीच्या कितीतरी पट. रस्ता, लाँच, पाणी, दवाखाना यांवर त्या दिवसांत जो ताण येतो तो कोणत्याच रकान्यात नाही.

जिल्ह्याच्या आकड्यातही ही गळती लपते. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २८,०८,९९४ होती, २०११ मध्ये ३०,०३,७४१ झाली. जिल्हा वाढला, कारण सातारा, कराड, फलटणची बाजू वाढली. घाटाखाली बघितलं की चित्र उघडं पडतं. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून अकल्प्याला एसटी येते त्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. स्वभावाने कांदाटी खोरं या कोकणच्या आकड्यात बसतं, हिशेबाने साताऱ्याच्या.

पाचशेची अट

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. अट अशी की सपाटीवर पाचशे किंवा जास्त वस्ती असलेल्या, रस्त्याने न जोडलेल्या वाड्या-वस्त्या घ्यायच्या. डोंगरी राज्यं, अनुसूचित क्षेत्रं आणि वाळवंटी भाग यांना सवलत, तिथे अडीचशे. महाराष्ट्र हे डोंगरी राज्य धरलं जात नाही आणि महाबळेश्वर तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणजे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा सह्याद्री योजनेच्या दृष्टीने सपाट. कांदाटी खोऱ्यातल्या बहुतेक गावांची नोंदलेली वस्ती पाचशेच्या आत.

अकल्प्याची गोष्ट याहून एक पायरी पुढची. रघुवीर घाट झाल्यामुळे ते कागदावर ‘जोडलेलं’ गाव आहे. एकदा रस्ता आला की तो कुठे जातो हा प्रश्न तपासणीच्या तक्त्यात नसतो. तालुक्याला जातो की शेजारच्या जिल्ह्याला, हे तिथे सारखंच. राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली, केंद्राच्या योजनेतून सुटलेले रस्ते सुधारायला. तिचा खोऱ्यांना उपयोग झाला, पण तोही असलेल्या रस्त्याच्या दिशेतच.

ह्या अटीचा खरा दोष चक्राचा आहे. रस्ता नाही म्हणून माणसं गेली, माणसं गेली म्हणून आकडा अटीखाली गेला, आकडा नाही म्हणून रस्ता नाही. यात कोणा एका अधिकाऱ्याला धरून उपयोग नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळलेला आहे.

मुक्कामाची गाडी

खेडहून येणारी एसटी ही या गावांची खरी नाडी. संध्याकाळी येणारी गाडी मुक्कामाला राहते. चालक-वाहकाची झोपायची सोय गावात, जेवण कोणाकडे तरी, आणि पहाटे गाडी परत. तिच्यातून औषधं येतात, मुंबईहून रेल्वेने खेडपर्यंत आलेली बॅग येते, स्वतःच्या तालुक्याबाहेरच्या बाजारातला भाजीपाला येतो. वाहकाला गावातली निम्मी माणसं नावाने माहीत असतात. शहरातल्या माणसाला हे गोड वाटतं. गाववाल्याला ती गरज आहे, कारण त्याच्याकडे दुसरं साधनच नाही.

पण ही गाडी तोट्याची. घाट मोठा, डिझेल जास्त, भारमान म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण कमी. एसटीत मार्ग टिकतो तो किलोमीटरमागच्या उत्पन्नावर. आणि इथे जिल्ह्यांच्या हद्दीचा खेळ सुरू होतो. गाडी बंद झाली, उशिरा आली, तर तक्रार कोणाकडे? गाडी रत्नागिरी विभागाची, मतदार साताऱ्याचे. अकल्प्याचा माणूस ज्याला मत देतो त्याचं खेड आगारात काही चालत नाही, आणि ज्याचं खेडमध्ये चालतं त्याला अकल्प्याचं मत लागत नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गाठ हीच वाटते. ती सोडवायला पूल लागत नाही, दोन विभागांनी एकत्र बसून केलेला एक कागद लागतो.

सवलतींचंही तसंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. खेडला जाणाऱ्या आजीला त्याचा पुरेपूर फायदा. तीच आजी स्वतःच्या तालुक्याला लाँचने निघाली की सवलत काठावरच संपते, कारण ती एसटीची आहे. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला तेव्हा तर ही नाडीच थांबली. जीप, वडाप, ओळखीची दुचाकी, जे मिळेल त्यावर लोकांनी दिवस काढले.

पावसाळ्यात वेगळाच हिशेब. रघुवीर घाटात दरड येणं ही जवळजवळ दरवर्षीची गोष्ट. दरड आली की पलीकडची पंधरा-वीस गावं तुटतात, मुक्कामाला गेलेली गाडी खोऱ्यातच अडकून पडते. बाहेरच्या लोकांना ह्या घाटाची ओळख धबधब्यांमुळे आहे, आणि गर्दीला आवर घालायला प्रशासन पावसाळ्यात पर्यटकांना बंदी घालतं. त्याच दिवसांत जलाशयात लाटा उठतात आणि लाँच बंद. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तापोळ्याचा रस्ता खचला, आंबेनळी घाट बंद पडला. म्हणजे खोऱ्यातून तालुक्याला नेणाऱ्या दोन्ही वाटा एकाच आठवड्यात गेल्या. रात्री कोणाला साप चावला तर झोळी करून कुठे न्यायचं हा अशा वेळी खरोखरचा प्रश्न असतो: पाण्यापलीकडे तापोळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, की घाटाखाली कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय? उत्तर त्या रात्री कुठली वाट उघडी आहे यावर.

खिरखंडीच्या मुली

ह्याच जलाशयावर, जावळी तालुक्यात, खिरखंडी नावाचं त्याहून लहान गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडतात आणि मग जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत जातात, ही बातमी जानेवारी २०२२ मध्ये आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठापुढे हे प्रकरण चाललं. पुढे जूनअखेर एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांचं दरे तर्फ तांब हे गाव याच पाण्याच्या काठचं. जिल्ह्यात दोन हेलिपॅड असल्याची गोष्ट सुनावणीत निघाली तेव्हा न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं की हेलिपॅडला आमचा विरोध नाही, पण मुलांना शाळेत जायला रस्ताही हवा.

वर्तमानपत्रांनी हेलिपॅडचा मथळा केला. मला त्यातली दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. जो माणूस मुख्यमंत्री झाला त्याचंही कुटुंब याच काठावरून उठून ठाण्याला गेलं होतं.

जंगलातून रस्ता म्हटलं की वनखात्याची परवानगी हा शब्द लगेच पुढे येतो. कोयना अभयारण्य १९८५चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०चा, तेव्हा अडचण खोटी नाही. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तुटणार नसतील तर. व्याघ्र प्रकल्पाच्या आत आणखी अटी लागतात. तरीही काठावरच्या छोट्या तुकड्यांसाठी ही तरतूद वापरण्यासारखी आहे, आणि ग्रामसभेला ती माहीत असणं हेच अर्धं काम.

पूल झाल्यावर

तापोळा आणि आहीर यांच्यामध्ये केबलवर तोललेला मोठा पूल हाती घेण्यात आला. त्याने खोऱ्याचा तालुक्याशी तुटलेला रस्ता जुळेल, तराफ्यावर गाडी चढवायची कसरत थांबेल. याचं स्वागतच करायला हवं. साठ वर्षं उशिरा का होईना.

पण पुलावरून दोन्ही बाजूंनी जाता येतं. २०२४ मध्ये याच खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्या मंडळींनी घेतल्याचं प्रकरण गाजलं आणि प्रशासनाला कमाल जमीनधारणा कायद्याखाली चौकशी लावावी लागली. गाव रिकामं झालेलं, मालक मुंबई-रायगडात, जमीन पडीक; अशा ठिकाणी विकणाऱ्याला भाव कळत नाही आणि घेणाऱ्याला पुढचा रस्ता आधी दिसतो. त्यातच नवीन महाबळेश्वर प्रकल्प, म्हणजे नवं गिरिस्थान उभारण्याची योजना, रस्ते विकास महामंडळाकडे नियोजनासाठी दिलेल्या २३५ गावांपासून सुरू झालेला आणि पुढे वाढवलेला. रिसॉर्टला लागणारा रस्ता आणि मुक्कामाच्या एसटीला लागणारा रस्ता डांबराने सारखाच असतो. फरक त्यावरून कोण, किती वाजता जातं यात आहे.

अकल्पे तोडून खेड तालुक्याला जोडा, असंही कोणी सुचवेल. मला ते पटत नाही. जमिनीची दप्तरं, धरणग्रस्तांचे दाखले, पुनर्वसनाचे पिढीजात दावे सगळे साताऱ्यात. ते उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेणं म्हणजे उरलेल्यांना आणखी दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लावणं. त्यापेक्षा लहान गोष्टी आधी. खेड आगाराची मुक्कामाची गाडी दोन्ही विभागांच्या संमतीने, भारमान न बघता, सामाजिक गरज म्हणून नोंदवावी आणि तिच्या तोट्याचा वाटा सातारा जिल्हा नियोजनातून द्यावा. तहसीलचे दाखले महिन्यातून ठरल्या दिवशी खोऱ्यात येऊन द्यावेत; मतदानाची पथकं लाँचने येऊ शकतात तर शिक्के घेऊन एक लिपिकही येऊ शकतो. तापोळ्याहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीची वेळ पलीकडून येणाऱ्या पहिल्या लाँचशी जुळवावी. धरणाची पातळी खाली जाईल तसा सरकवता येणारा तरंगता धक्का प्रत्येक मोठ्या गावाखाली असावा. आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. ग्रामपंचायतींनी तिच्या आकड्याशेजारी स्वतःची एक यादी ठेवावी, शिमग्याच्या पालखीच्या दिवशी गावात किती माणसं होती त्याची, म्हणजे पाचशेची अट पुन्हा पुढे आली की दाखवायला काहीतरी कागद हातात असेल.